घेणेकऱ्यांच्या यादीत ताई

आमचं दिवाळं निघालं याचा ताईंना राग आला नाही. घेणेकऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव आलं, याचा आला.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्या, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नाही. त्या खोलीत शिरल्या की बसलेली माणसं उठतात आणि उभी असलेली पोट आत घेतात. माझा नवरा पन्नाशीला टेकला, डोक्यावरचे केस निम्मे गेले, तरी त्या त्याला चारचौघांत बाळ्या म्हणतात आणि हा शहाणा मुकाट्यानं ओ देतो. ह्यांची आई लवकर गेली. तेव्हापासून ह्याचं जेवणखाण, शाळा, ताप, खोकला सगळं ताईंनीच पाहिलं. स्वतः लग्न केलं नाही. 'वेळच मिळाला नाही' म्हणतात, आणि अशा सुरात म्हणतात की पुढे काही विचारायची कुणाची छाती होत नाही.

आम्ही कवळ्या बनवतो. लोकांना वाटतं दात डॉक्टर करतो. डॉक्टर फक्त तोंडाचं माप घेतो. तो साचा आमच्याकडे येतो, मग नवरा प्लास्टर ओततो, मेणात एकेक दात बसवतो, जबडा उघडून मिटून बघतो, वरचा खालच्यावर नीट बसतो का ते पाहतो. शेवटचं घासणं आणि पॉलिश माझ्याकडे. आमच्या कामाच्या खोलीत फळीवर ओळीनं जबडे मांडलेले असतात. नवीन माणूस आला की दचकतो. मला त्यांची इतकी सवय झाली आहे की फळी रिकामी असली तरच मला दचकायला होतं, आणि गेली दोन-तीन वर्षं ती रिकामीच असायची.

झालं असं, की संगणकावर दात कोरणारी मशीनं आली. आमचे तीन ठरलेले डॉक्टर म्हणाले, तुम्ही मशीन घ्या, सगळं काम तुम्हालाच देतो. नवऱ्यानं कर्ज काढून कपाटाएवढं मशीन आणलं. त्यानंतर एका डॉक्टरनं स्वतःचंच मशीन घेतलं, दुसऱ्याला कुठल्याशा मोठ्या कंपनीनं स्वस्तात गाठलं, आणि तिसऱ्यानं दवाखाना बंद करून बाग करायला घेतली. मशीन राहिलं आमच्याकडे, आणि त्याचे हप्तेही. हप्ते भरायला क्रेडिट कार्ड, कार्ड भरायला दुसरं कार्ड. मी तेव्हाच ओरडत होते, पण माझं ओरडणं नवऱ्याला पॉलिशच्या मोटारीसारखं झालं आहे, चालू असलं तरी त्याला ऐकू येत नाही.

याच सुमारास एका रविवारी ताई आल्या आणि टेबलावर, प्लास्टर सांडलेलं होतं तिथेच, त्यांनी एक चेक ठेवला. त्यांच्या निवृत्तीचे सगळे पैसे होते ते. "हे घे," म्हणाल्या, "आणि यावर परत बोलायचं नाही. कधीच नाही." नवरा काही म्हणायला गेला तर त्यांनी नुसता हात वर केला. ते पैसे तळमजल्यावर घर घ्यायला ठेवले होते, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. ताई तिसऱ्या मजल्यावर राहतात, इमारतीला लिफ्ट नाही, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्या दिवसापासून 'जिन्यानं व्यायाम होतो मला' हे त्यांचं पालुपद सुरू झालं.

आणि खरोखर त्यावर कुणी बोललं नाही. दर रविवारी नवरा त्यांची बाजाराची पिशवी घेऊन त्यांच्यामागून जिना चढायचा, त्या मधल्या वळणावर कठड्याला धरून उभ्या राहायच्या आणि हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, म्हणजे दम लागलाय हे कळू नये. हा पण गप्पा मारायचा. बँकेची माणसं फोनवर नाही नाही ते बोलायची, ते मी ऐकून घेतलं आहे. पण त्या जिन्यावरच्या गप्पा मला जास्त जड जायच्या.

शेवटी आम्ही वकिलीणबाईंकडे गेलो. मीच ओढून नेलं म्हणा. त्यांचं ऑफिस एका औषधाच्या दुकानावर आहे, त्यामुळे वर येणारी माणसं 'खाली गोळ्या घ्यायला आलो होतो' असं सांगू शकतात. बाई शांत. समोर रडा, ओरडा, त्या पेन हातात धरून थांबतात आणि मग तोच प्रश्न परत विचारतात.

नवऱ्यानं पहिलाच प्रश्न केला, "तुरुंगात टाकतील का?"

"हा प्रश्न सगळे विचारतात," बाई म्हणाल्या. "नाही. कर्ज फेडता आलं नाही म्हणून कुणी तुरुंगात टाकत नाही. खोटं बोललात तर मात्र गोष्ट वेगळी."

मग मी सुरू झाले. माझ्या हातातली अंगठी जाईल का? नाही, म्हणाल्या, तेवढ्यासाठी कुणी येत नाही. घर? घर भाड्याचं, भाडं देत राहा. पॉलिशची मोटार, भट्टी, हत्यारं? हाताची हत्यारं राहतात, कारण माणसानं पोट कशावर भरायचं. मशीन मात्र जाईल, ते विकून आलेले पैसे सगळ्या घेणेकऱ्यांत वाटतील. हे ऐकून नवऱ्याचं तोंड उतरलं आणि माझा जीव भांड्यात पडला. ते मशीन मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होतं.

"आणि मग उरलेलं?" मी विचारलं.

"सगळं नीट पार पडलं तर उरलेल्या देण्यातून सुटका. नव्यानं सुरुवात. त्यासाठी दोन गोष्टी. एक, ज्यांचं ज्यांचं देणं लागता त्या सगळ्यांची नावं द्यायची. दोन, गेल्या वर्षभरात कुणा नातेवाइकाला, मित्राला पैसे परत केले असतील तर आत्ताच सांगायचं. घरच्यांना आधी आणि बाकीच्यांना ठेंगा, असं कायद्याला चालत नाही. तसं दिलं असेल तर ते पैसे त्या माणसाकडून परत मागवतात."

"कुणाला दिले नाहीत," नवरा म्हणाला. मग खाली बघून, "बहिणीचं नाव... ते घालायलाच हवं का?"

"हाही सगळे विचारतात," बाई म्हणाल्या. "घालायलाच हवं."

बाई पेन धरून थांबल्या. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, खाली दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, आणि हा माणूस आपल्या बुटांकडे बघत बसला होता. मग मीच ताईंचं नाव सांगितलं आणि रक्कम सांगितली. बाईंनी ते बँकेच्या आणि दोन कार्डांच्या खाली लिहून घेतलं.

आमचा अर्ज गेला आणि आठवड्याभरात नादारी, म्हणजे दिवाळखोरी, कार्यालयाचं पत्र ताईंना पोचलं, आणि मला फोन आला. त्याला नाही, मला.

"मला बँकेच्या रांगेत उभं केलंस?"

"ताई, नियम आहे तो."

"नियम मला शिकवू नकोस. दोन पिढ्यांच्या नर्सांना मी नियम शिकवलेत. मी कधी मागितले पैसे? एकदा तरी मागितले? मी काय सावकार आहे?"

"तुम्ही मागितले नाहीत म्हणून देणं नाहीसं होत नाही," मी म्हटलं. आता माझंही डोकं फिरलं होतं. इतकी वर्षं आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा, आणि आता दिवाळ्यातही त्यांचंच चालायचं? "तुमचं नाव लपवलं असतं आणि उद्या कळलं असतं, तर तुमचा बाळ्याच अडकला असता."

ताई म्हणाल्या, "बघते मी काय करायचं ते," आणि फोन ठेवला. त्या असं म्हणाल्या की त्या खरंच काहीतरी करतात, हे मला ठाऊक होतं, पण रागाच्या भरात मी ते मनावर घेतलं नाही. नवऱ्याला सांगितलंही नाही.

घेणेकऱ्यांच्या बैठकीबद्दल वकिलीणबाईंनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. नाव मोठं आहे, म्हणाल्या, पण येत कुणी नाही. बँका माणूस पाठवत नाहीत, त्यांना अशा शेकडो फायली असतात. अधिकारी शपथ देतो, प्रश्न विचारतो, खरी उत्तरं द्यायची आणि घरी जायचं. तरी त्या दिवशी सकाळी नवऱ्यानं दोनदा दाढी केली.

खोली अगदी साधी निघाली. लांब टेबल, मागे खुर्च्यांच्या ओळी, कोपऱ्यात पाण्याचं मशीन, आणि खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची. अधिकारी वयस्क गृहस्थ होते, अंगात विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर. घसा बसला होता म्हणून दर दोन वाक्यांनी एक गोळी तोंडात टाकायचे. मला उगाच वाटत होतं की दिवाळखोरांकडे ही माणसं तिरक्या नजरेनं बघत असतील. पण त्यांनी आमच्याकडे जसं बघितलं, तसंच पाण्याच्या मशीनकडेही बघितलं.

नवऱ्यानं शपथ घेतली. काय काम करता, कर्ज कशासाठी काढलं, मशीन कुठे आहे. तो बरा बोलत होता. वकिलीणबाई मान हलवत होत्या. आणि तेवढ्यात दार उघडलं.

ताई. कडक इस्त्रीचे कपडे, खांद्याला हॉस्पिटलातली ती काळी पर्स, एका हातात आलेलं पत्र. गुडघ्यांमुळे त्या जरा डुलत चालतात, पण चालतात अशा की वॉर्डात फेरी सुरू झाल्यासारखं वाटतं. नवरा शपथेवर बसलेला असूनही अर्धा उठला.

"मला बोलावलंय," त्यांनी पत्र वर केलं. "मी घेणेकरी आहे म्हणे."

अधिकाऱ्यांना आनंदच झाला. इतक्या दिवसांत त्यांच्या बैठकीला पहिल्यांदाच कुणीतरी खरंखुरं आलं असावं. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली. "या, या, बसा. यांचं झालं की तुम्हाला बोलायला देतो."

मी वकिलीणबाईंच्या कानाशी लागले, "ही बहीण." बाईंनी भुवया उंचावल्या. पण आता करण्यासारखं काही नव्हतं.

अधिकाऱ्यांनी पुढचा प्रश्न वाचला. "गेल्या वर्षभरात कुणा नातेवाइकाला पैसे परत केलेत?"

"नाही," नवरा म्हणाला.

त्यांनी कागदावर खूण केली, गोळी बदलली, आणि सवयीनं पुटपुटले, "उपस्थित घेणेकऱ्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का?" आणि कागद आवरायला लागले. मग आज कुणीतरी उपस्थित आहे हे लक्षात येऊन थांबले.

ताई उभ्या राहिल्या. "विचारायचं काही नाही. सांगायचंय. यादीतून माझं नाव काढा. यानं माझे पैसे फेडलेत."

वकिलीणबाईंचं पेन थांबलं.

"फेडलेत?" अधिकारी म्हणाले. "किती?"

"सगळे. पै न् पै."

"कधी?"

"झाले थोडे महिने." आणि त्यांना वाटलं असावं, जितकं ताजं तितकं भावासाठी चांगलं, म्हणून वर जोडलं, "वर्षाच्या आतच. फार वक्तशीर आहे तो पैशाच्या बाबतीत."

साफ खोटं होतं हे. आमच्या घरातून ताईंकडे गेली असेल तर बाजाराची पिशवी, पैसे कधीच नाहीत. आपल्या भावाला लोकांनी देणेदार म्हणू नये म्हणून ही बाई कडक इस्त्री करून आली होती, आणि नेमकं तेच बोलली होती जे त्या खोलीत कुणीही बोलायला नको होतं. आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. चेहऱ्यावर कसं समाधान होतं.

अधिकारी आवाज न चढवता समजावायला लागले. "असं आहे, बाई. यांनी आत्ताच शपथेवर सांगितलं की नातेवाइकाला काही दिलं नाही. तुम्ही म्हणता दिलं. म्हणजे तुमच्यातलं कुणीतरी चुकतंय. यांनी खोटं सांगितलं असं ठरलं, तर यांची सुटका अडकेल. सगळं कर्ज पुन्हा अंगावर."

ताईंच्या चेहऱ्यावरचं समाधान जरा हललं. पण माघार घेणं त्यांना माहीतच नाही. "विसरला असेल. दगदगीत विसरतो तो. लहानपणी डबासुद्धा विसरायचा."

"ठीक. विसरले असं धरू. मग दुसरी गोष्ट. बाकीच्यांना काही न देता तुम्हाला एकटीला दिलं, तर ते पैसे इथे परत आणून द्यावे लागतात. सगळ्यांत सारखे वाटायला."

"परत कुणी आणायचे?"

"तुम्ही."

"सगळे?"

"जेवढे मिळाले तेवढे."

ताईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. त्यांना मिळालेच नव्हते, परत कुठून आणणार होत्या? त्यांच्याजवळ आहे ती तिसऱ्या मजल्यावरची जागा, आणि पेन्शन. मला वाटलं, आता तरी खरं बोलतील. आता तरी म्हणतील, चुकलं माझं.

"आणते," ताई म्हणाल्या. "किती मुदत देता?"

मी इतकी वर्षं या बाईवर धुसफुसत आले आहे. त्यांच्या हुकमांवर, त्यांच्या 'बाळ्या'वर, माझ्या स्वयंपाकघरात येऊन माझ्याच डब्यांची झाकणं पुसण्यावर. पण त्या क्षणी मला त्यांची इतकी माया आली की मला बसवेना. एकदा दिलेले पैसे ही बाई दुसऱ्यांदा द्यायला निघाली होती, डोक्यावरचं छप्पर विकून. मी तोंड उघडलं, तर वकिलीणबाईंनी माझा दंड धरला. "तुमच्या यजमानांना बोलू द्या," हळूच म्हणाल्या. "प्रश्न त्यांना आहे."

अधिकारी नवऱ्याकडे वळले होते. "तुम्ही सांगा. दिलेत का बहिणीला पैसे?"

ताईंनी भावाकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. त्या नजरेनं आख्खा वॉर्ड गोळ्या गिळायचा. मान हलव, एवढंच ती सांगत होती.

माझ्या नवऱ्यानं चारचौघांत ताईंचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. लहानपणी ताई म्हणाल्या ताप उतरला, की हा अंथरुणातून उठायचा. आमच्या लग्नात त्या म्हणाल्या हा रंग चांगला, तर तो रंग माझ्या वाट्याला आला. आता त्यानं मान हलवली असती तर शपथेवर खोटं झालं असतं, सुटका गेली असती, ताईंचं घर गेलं असतं. आणि नाही म्हणायचं, तर परक्या माणसांसमोर ताईंना खोटं पाडायचं होतं. मी मनात म्हटलं, अहो, बोला. एकदा तरी बोला.

"नाही," नवरा म्हणाला.

"बाळ्या!"

"नाही दिलेले, साहेब. एक पैसाही नाही. ती खोटं बोलतेय." त्याचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "माझ्यासाठी बोलतेय. मी तिचं देणं लागतो. तिच्या घराचे पैसे होते ते, तळमजल्यावरच्या. मी मशीनच्या हप्त्यांत घातले. ती अजून तीन जिने चढते. मधे दम लागला की हवापाण्याच्या गप्पा मारते आणि मी हो ला हो करतो. मला सगळं दिसतं. मी एकदासुद्धा म्हटलेलं नाही की ताई, तुझे पैसे मी बुडवले."

अधिकाऱ्यांनी तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"बाई," मग ते म्हणाले, "तुम्हाला अजून मी शपथ दिलेली नाही. त्यामुळे मघाचं बोलणं मी घरगुती समजतो. आता देतो, आणि मग परत विचारतो."

ताईंनी शपथ घेतली. हात सरळ, आवाज अगदी बारीक.

"पैसे परत मिळालेत?"

"नाही," ताई म्हणाल्या. "नाही मिळाले."

आणि खाली बसल्या. इतक्या लहान दिसल्या त्या खुर्चीत, की मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी मला हाकललं नाही.

अधिकाऱ्यांनी एक कागद त्यांच्याकडे सरकवला. "मग हा दाव्याचा अर्ज. भरलात तर मशीन विकून जे येईल त्यात तुम्हालाही वाटा मिळेल. फार येणार नाही, आधीच सांगतो. नाही भरलात तरी चालेल. मग तुमचा वाटा बाकीच्यांना जाईल."

"मला नको," ताईंनी कागद परत ढकलला. "भावाच्या दिवाळ्यातून मी पैसे घेऊ?"

"भर, ताई," नवरा म्हणाला.

"तू गप बस."

"नाही बसणार. भर तो अर्ज. तू नाही घेतलेस तर बँक घेईल." त्यानं रुमाल काढून तोंड पुसलं. "बँक मला सोडेल, कारण तिला सोडावंच लागतं. त्याचं मला काही वाटत नाही. पण तू त्या दिवशी चेक ठेवलास आणि म्हणालीस, बोलायचं नाही. तेव्हापासून मी तुझ्यासमोर मान वर करून बसलेलो नाही, ताई. तू मला माफ करू नकोस. माझं देणं माझ्याकडे राहू दे."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस ताईंशी एका दमात इतकं बोललेला मी पाहिला नव्हता. माझ्याशीही नाही. ताई त्याच्याकडे बघत राहिल्या.

नवऱ्यानं वकिलीणबाईंना विचारलं, "सुटका झाल्यावर मी हिला माझ्या मनानं दिले, तर कायद्याला चालेल का?"

"तुमच्याकडे मागायला कुणी येऊ शकणार नाही, त्याही नाही," बाई म्हणाल्या. "पण त्यानंतरची कमाई तुमची. ती कुणाला द्यायची ते तुम्ही ठरवायचं. कुणी अडवणार नाही."

"मी घेणार नाही," ताई म्हणाल्या. पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. मग समोरच्या कागदाकडे बघत, "किती देणार आहेस महिन्याला?"

नवऱ्यानं आकडा सांगितला. लहानसाच होता. कवळ्यांचं हातकाम अजून मागणाऱ्या एक-दोन म्हाताऱ्या डॉक्टरांच्या जिवावर आणखी काय सांगणार.

ताईंनी मनातल्या मनात गणित केलं. औषधांचे डोस काढून काढून त्यांचा हिशेब पक्का आहे. "बाळ्या," त्या म्हणाल्या, "अशानं फिटायला वीस वर्षं लागतील. तोवर मी कुठे असणार आहे?"

"असावं लागेल तुला," नवरा म्हणाला. "मला फेडायचंय."

ताईंनी पर्स उघडली, चष्मा काढला, पुसला, चढवला. अर्ज पुढे ओढला. पेन माझ्याकडून घेतलं. रक्कम त्यांनी पूर्ण लिहिली, आकड्यात आणि अक्षरात.

"पहिल्या तारखेला," त्या वर न बघता म्हणाल्या. "उशीर केलास तर घरी येऊन वसूल करीन."

"हो ताई."

मग त्यांनी सही केली. त्या रडत होत्या, आणि मी बघत असूनही त्यांनी तोंड फिरवलं नाही.